कापसापुरती जपानी

एके काळी अख्ख्या पश्चिम खानदेशात जपानी भाषा येणारा मी एकटाच इसम होतो. हे मी स्वतःच ठरवलं होतं. खोडून काढायला दुसरं कुणी जपानी जाणणारं नव्हतं, म्हणून ते बराच काळ टिकलंही. माझी सगळी जपानी म्हणजे पंधरा-वीस शब्द, आणि त्यांतले बहुतेक कापसाला चिकटलेले. पण त्या शब्दांनी मला जे दाखवलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. मला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट खरी वाटणार नाही.

मोठ्या युद्धाच्या आधीची वर्षं ती. मी नंदुरबारच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. गाव रनाळे, शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, वर इंग्रजीच्या दोन इयत्ता, आणि तोंड मात्र बी.ए.चं. आमचे शेठ जैन. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. घरात मारवाडी, पेढीवर गुजराती, गाडीवाल्यांशी अहिराणी, मामलेदाराशी मराठी आणि आम्हा कारकुनांशी हिंदी असा त्यांचा कारभार. दिवाळी झाली की रनाळ्यापासून अक्कलकुव्यापर्यंतच्या गाड्या जिनच्या आवारात लागत आणि बैलांच्या घुंगरांनी पहाट व्हायची.

अशाच एका हंगामात मुंबईच्या कुठल्याशा जपानी कंपनीचा माणूस सुरतेकडच्या गाडीतून उतरला. कापूस पारखायला आणि घ्यायला. वय तिशीचं असेल. खाकी कोट, डोक्यावर सोला टोपी, हातात नीट गुंडाळलेली छत्री. शेठना त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. मुनीमजींना केला. मग पेटी उचलून उभ्या असलेल्या हमालालाही तसाच केला. कुणी साहेब आपल्यापुढे वाकतो हे हमालानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. तोही भारावून वाकला, आणि डोक्यावरची पेटी फलाटावर आली.

शेठनी विचारलं, "इनके साथ कौन फिरेगा?"

"मी फिरतो शेठजी," मी म्हणालो. "मला थोडी थोडी जपानी समजते."

तेव्हा जपानबद्दलची माझी माहिती कपबश्या आणि चावीच्या खेळण्यांपलीकडे नव्हती. पण शेठनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ते मला 'पंडतजी' म्हणू लागले. त्यातला टोमणा कळायला मला आठवडा लागला.

साहेबाला इंग्रजी येत होतं, मलाही येत होतं. मात्र दोघं बोलायला लागलो की ती दोन वेगवेगळ्या देशांची इंग्रजी वाटायची. म्हणून मी त्याचे शब्द पकडायला लागलो. तो गाडीपाशी जायचा, बोंडातला कापूस चिमटीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ओढायचा, आणि तुटलेल्या तंतूकडे अशा नजरेनं बघायचा की गाडीवाल्यालाही वाटावं, आपण हे काय पिकवलं! तंतू लांब निघाला की म्हणायचा, 'योरोशी'. म्हणजे चांगलं. मान हलवून 'दामे' म्हणाला की संपलं, माल नको. हात लावून 'शिमेत्ते' म्हणाला की ओला. पाणी मारलेला कापूस आणणारे दोन-चार बहाद्दर असायचेच. त्यांना हा शब्द माझ्याआधी पाठ झाला. 'ताकाई' म्हणजे महाग, 'यासुई' म्हणजे स्वस्त. सकाळी भेटला की 'ओहायो'. हे 'ओहायो' सकाळपुरतंच असतं हे मला ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला पेढीवर आलेल्या सुरतेच्या व्यापाऱ्यांनाही मी ते दिलं. त्यांनी ते घेतलंही.

माझी खरी कर्तबगारी पुढेच आहे. साहेब प्रत्येक गाडीपाशी गेला की पहिला शब्द उच्चारायचा, 'इकुरा?' मी बघत होतो. माणूस माणसाला भेटला की पहिल्यांदा काय म्हणतो? राम राम. म्हणजे इकुरा हा जपानी राम राम. ही माझी विद्वत्ता मी आवारभर वाटली. पोरंटोरं, गाडीवाले, रखवालदार, सगळे त्याला दुरून हात करून ओरडायचे, "इकुरा, साहेब!" आणि साहेब गोंधळून इकडे-तिकडे बघायचा. एकदा शेठनी त्याला घरी जेवायला बोलावलं. जरीची पगडी घालून ते दारात उभे राहिले आणि मी शिकवल्याप्रमाणे हात जोडून मोठ्या प्रेमानं म्हणाले, "इकुरा! इकुरा!"

साहेब जागीच थांबला. मग त्यानं खिशातून एक नाणं काढलं, तळहातावर ठेवलं, त्याकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "इकुरा." इकुरा म्हणजे केवढ्याला. शेठ आपल्या पाहुण्याला उंबऱ्यावर त्याचा भाव विचारत होते.

"आवो पंडतजी," शेठ म्हणाले, "थारी जपानी कठे गई?"

ती गेली नाही. उलट मी आकडे पाठ करायला घेतले. इची, नी, सान, शी, गो. सौद्याच्या वेळी मीच मध्ये उभा राहीन आणि भाव बोलून दाखवीन अशी माझी स्वप्नं होती. पण आमच्याकडे कापसाचा सौदा बोलून होतच नसे. हत्ता चालायचा. दलाल उपरणं पसरायचा, घेणारा आणि देणारा त्याखाली हात घालायचे, आणि भाव बोटांनी व्हायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. वर दोघं आभाळाकडे बघत उभे, खाली बोटांची झटापट. पटलं की हात सोडायचा. सुटलेल्या हाताचा भाव पक्का; मग बाजार चढो की पडो, त्यातून मागे फिरणाऱ्याच्या गाडीला पुन्हा कुणी हात लावत नसे.

साहेबानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले. आठ दिवसांत तो या खेळात असा तयार झाला की आमचे दलाल त्याच्याशी हात घालताना घाम पुसायचे. माझे आकडे तसेच पडून राहिले. इची, नी, सान, कुणी विचारेना.

तो जिनच्या बंगलीत राहायचा. जेवण शेठकडून जायचं, पण मधूनमधून माझी आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून द्यायची. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे नंदुरबारलाच असे. भाकरी समोर आली की साहेब हात जोडायचा आणि म्हणायचा, 'इतादाकिमास'. मला वाटलं देवाचं नाव असेल. नंतर त्यानं समजावलं. हातांची ओंजळ कपाळापर्यंत नेऊन दाखवली: हे मी डोक्यावर घेतो. म्हणजे ज्यानं पिकवलं, ज्यानं रांधलं, त्या सगळ्यांचं देणं. मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं एक भाकरी जास्त बांधली.

एका दुपारी साहेब गाडीपाशी उभा असताना थरथरायला लागला. उन्हात. हातातला कापूस खाली पडला. मी धावलो, "काय झालं?" तो हसला आणि म्हणाला, "दाइजोबु." हा शब्द मला चांगला ठाऊक होता. पाय मुरगळला तरी दाइजोबु, चहा सांडला तरी दाइजोबु. म्हणजे ठीक आहे, काही नाही.

मी पेढीवर जाऊन सांगितलं, "साहेब म्हणतात, ठीक आहे."

"ठीक है तो दांत क्यूं बाजे?" शेठ आवाराकडे बघत म्हणाले.

"सवय असेल," मी म्हणालो. मला या शब्दाबद्दल शंकाच नव्हती. भाषा येणाऱ्या माणसाला नसतेच.

दुसऱ्या दिवशी तो आवारात आलाच नाही. मी बंगलीच्या दारातून डोकावलो. "दाइजोबु?" आतून आवाज आला, "दाइजोबु." मी समाधानानं परतलो. तिसऱ्या दिवशी आईनं भाकरी घेऊन मलाही बरोबर ओढत नेलं. साहेब कोट, त्यावर रग, त्यावर सतरंजी घेऊन पडला होता, आणि खाट हलत होती. आम्हाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला, ते जमेना तर पडल्या पडल्याच मान वाकवली आणि म्हणाला, "दाइजोबु."

"काय म्हनस तो?" आईनं विचारलं.

"ठीक शे म्हनस."

आईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "तो म्हनस ठीक शे. आन त्यानं आंग काय म्हनी ऱ्हायनं, ते ईचारं का तू? तुन्ही जपानी चुलामा टाक. गाडी जुपाले सांग."

आमची खोली गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत होती. आईनं त्याला तिथेच आणलं, माझ्या खाटेवर टाकलं आणि स्वतःच्या दोन गोधड्या घातल्या. डॉक्टरांनी तपासलं. हिवताप, आणि तोही वाईट. क्विनाइनचं मिक्श्चर दिलं.

"हे दिवसातून तीनदा पोटात गेलं पाहिजे आणि तिथे राहिलं पाहिजे," ते म्हणाले. "ताप डोक्यात चढायला लागलाय. औषध गेलं नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या पिवळट औषधाचा कडूपणा ज्यानं चाखला नाही त्याला सांगून उपयोग नाही. पहिला घोट साहेबानं घेतला आणि सगळा उलटून टाकला. वर आईला म्हणाला, "सुमिमासेन." म्हणजे चुकलो, माफ करा. स्वतःच्या ओकारीबद्दल तो तापात माफी मागत होता! त्यानंतर त्यानं दात घट्ट मिटले. आईनं मधाचं बोट लावून बघितलं. तोरणमाळकडून आलेला चांगला मध. ती रागावली, तिनं गोंजारलं, "पी ले बेटा, पी ले" करून थकली. तो डोळे मिटून म्हणायचा, "दामे." नाकारलेल्या कापसाला म्हणायचा तेच.

आता माझी पाळी होती. माझ्याजवळ होते ते सगळे शब्द मी बाहेर काढले. पेला त्याच्या तोंडाशी धरून मी म्हणालो, "योरोशी!" चांगलं आहे. "यासुई!" स्वस्त आहे. "ओहायो!" हे का म्हणालो ते मला आजही माहीत नाही. मरणाच्या दारातल्या माणसापुढे मी फेरीवाल्यासारखा औषध विकायला बसलो होतो. आई बघत होती. मला रडू यायला लागलं, आणि डोक्यात उरलेला एकच शब्द तोंडातून गेला.

"इकुरा?"

साहेबानं डोळे उघडले नाहीत. पण गोधडी हलली. त्याचा हात आतल्या आत सरकत काठाशी आला, काही शोधत. मी माझा हात गोधडीखाली घातला. तापलेल्या तव्यासारखा तो हात माझ्या हातावर आला आणि त्यानं माझं एक बोट धरलं.

मला वाटलं तापात बाजारात गेलाय. "माय, तो एक म्हनस," मी म्हणालो.

"एक काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं होतं केवढ्याला, आणि तो भाव सांगत होता. दिवसाला एक.

मी त्याची तीन बोटं धरली. त्यानं मान हलवली आणि पुन्हा माझं एक बोट धरलं. मी तीन. तो एक. बाजारात करायचे तसं मी छताकडे बघायला लागलो होतो, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"भाव काय करी ऱ्हायना रे!" आई कळवळून म्हणाली. "मानूस मरी ऱ्हायना, आन हाऊ भाव करस!"

शेवटी त्याच्या हातानं थोडा विचार केला, आणि दोन बोटं धरली. मी हात दाबला. हात सुटला.

आणि त्यानं तोंड उघडलं.

मी पुष्कळ सौदे पाहिलेत, मोडलेले आणि पाळलेले. त्या दुपारी पाहिलं तसं काही नाही. घोट आत गेला, त्याचं सगळं अंग उलटायला उठलं, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पण ओठ मिटलेले राहिले. शुद्ध जात-येत होती, आम्ही कोण आहोत हेही त्याला धड कळत नव्हतं, आणि तरी दिलेला हात त्याला कळत होता. आई पेला हातात धरून तशीच उभी राहिली. मीही.

संध्याकाळी दुसरा डोस. नकार नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी मला लोभ सुटला आणि मी गोधडीखाली हात घालून तीन बोटं मागायला गेलो. त्यानं मूठ मिटून घेतली. ठरलेला भाव पुन्हा होत नसतो.

मी डॉक्टरांना सांगितलं, "तीनदा जमणार नाही. दोनवर तुटलंय."

"काय तुटलंय?"

बाजारात भाव तुटला म्हणजे ठरला, असं म्हणून मी हत्त्याची हकिगत सांगितली. डॉक्टर आधी हसले, मग चष्मा पुसत बसले. "ठीक आहे," ते म्हणाले, "दोन तर दोन. मी माप मोठं करतो." संध्याकाळचा पेला भरून आला तेव्हा साहेबानं तो एका डोळ्यानं पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सौद्यानंतर पहिल्यांदाच बाजारातला शब्द काढला. "ताकाई." महाग पडलं! पण प्यायला.

पुढे एका दुपारी आई त्याच्या गळ्याला हात लावून एकदम ओरडली, "घाम उना! घाम उना रे!" गोधडी भिजली होती, उशी भिजली होती. ताप उतरत होता. ओल्यासाठी मला एकच शब्द येत होता. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "शिमेत्ते! साहेब, शिमेत्ते!"

साहेबानं खाडकन डोळे उघडले, कोपरावर उठायला लागला आणि क्षीण आवाजात त्याच्या इंग्रजीत विचारलं, कुणाची गाडी? ओला माल कुणी आणला? आईनं त्याला धरून आडवा केला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

अंगात बळ यायला वेळ लागला. तो आमच्याकडेच राहिला, कण्या आणि मुगाचं पाणी पीत. मग एका सकाळी त्यानं कोट घातला, छत्री घेतली आणि जिनवर निघाला. उंबऱ्यावर तो वळला, आईकडे बघून वाकला आणि एक नवाच शब्द म्हणाला, "इत्ते किमास."

हा मी कधी ऐकला नव्हता. इतके दिवस शेठकडून निघताना, पेढीवरून निघताना तो दुसरं काहीतरी म्हणायचा. मी वाटेत विचारलं. त्यानं छत्री पुढे नेली, मग परत मागे आणली. जातो आणि येतो. मग थोडं थांबून, शब्द जुळवत सांगितलं की हे फक्त स्वतःच्या घरातून निघताना म्हणतात. घरात मागे राहिलेलं माणूस उत्तर देतं, जाऊन ये. दुसऱ्याच्या घरी हे म्हणत नाहीत.

मी आईला सांगितलं तेव्हा ती जात्यावर होती. तिनं खुंटा सोडला.

"त्यासनामाबी तसंच शे?" ती म्हणाली. "बराबर शे. घरना मानूस 'जास' म्हनस का कधी? 'येस' म्हनस." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गल्लीत कुणी बाई उंबऱ्यावर उभी राहून आपल्यासारखंच बोलते, हे तिला पचायला तो सगळा दिवस लागला. मला अजून लागतोय.

हंगाम संपला. साहेब परत निघाला, मुंबईला आणि तिथून त्याच्या देशाला. स्टेशनवर शेठ आले, हमाल आला, गाडीवाले आले आणि त्याला "इकुरा, साहेब!" ओरडले. तो त्या सगळ्यांपुढे वाकला. आईपुढे आला तेव्हा जरा घुटमळला. मग म्हणाला, "इत्ते किमास."

"येजो, बेटा," आई म्हणाली.

तो आला नाही. पुढे युद्ध पेटलं, जपान शत्रू झाला, आणि माझे पंधरा-वीस शब्द घरात ठेवायलाही नको असा माल झाला. एकदा फौजदारांनी मला चौकीवर बोलावलं. "तुला जपानी येते म्हणे?"

"मला? साहेब, मला धड मराठीही येत नाही."

फौजदारांनी मला नीट न्याहाळलं आणि सोडून दिलं. त्यांना पटलं असावं.

त्याच दिवसांत आई आजारी पडली. मी पेढीवरून आलो तर ती चुलीपाशी न बसता खाटेवर होती, गोधडी गळ्यापर्यंत ओढून. "कशी शेस, माय?"

ती हसली. "दाइजोबु."

आधी मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळाला हात लावला नाही, काही विचारलं नाही. वहाणा पायात सरकवल्या आणि मागच्या गल्लीतून दवाखाना गाठला.

"काय होतंय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाइजोबु म्हणते."

त्यांनी पुढच्या पेशंटला थांबायची खूण केली, बॅग उचलली आणि माझ्यापुढे चालायला लागले.

औषध तेच, पिवळट. दिवसातून तीनदा. पेला बघून आईनं तोंड फिरवलं. मी काही बोलायच्या आत गोधडी हलली, तिचा हात काठाशी आला आणि त्यानं माझं एक बोट धरलं.

मी छताकडे बघितलं, आणि तिची तीन बोटं धरली.